दुखतंय का, विचारायचं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आज दुकानाला सुट्टी, म्हणून फौजदाराला घेऊन सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. फौजदार म्हणजे माझी मुलगी. वय नऊ, उंची बेताची, पण हुकूम घरातल्या सगळ्यांवर चालतो आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांवरसुद्धा. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं.

बातमी चांगली आहे. रक्त साफ आलं. गुडघे, घोटे, मनगटं, सगळं बाईंनी दाबून आणि वाकवून बघितलं, सूज कुठेच नाही. "रोग झोपलाय," म्हणाल्या. गेला असं काही म्हणाल्या नाहीत. मी दोनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारून बघितलं, पण बाई पक्क्या आहेत. इंजेक्शन आता आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी. पुढच्या महिन्यात परत बघायचं आणि सगळं ठीक असेल तर ते बंद करायचा विचार करायचा. हे ऐकून फौजदाराने बसल्या जागी दोन्ही हात वर केले.

मग बाई मला म्हणाल्या, "मधूनमधून दुखेल तिला. म्हणून लगेच रोग उठला असं समजू नका. पण सकाळी सांधे आखडले, सूज दिसली, हाताला गरम लागलं, तर त्याच दिवशी घेऊन या."

मी म्हटलं, "म्हणजे रोज विचारत राहायला हवं."

"हा दिवसातून पन्नास वेळा विचारतो," फौजदार म्हणाली.

पन्नास जरा जास्तच झालं. पण बाईंनी तिचीच बाजू घेतली. सारखं 'दुखतंय का, दुखतंय का' केलं की पोरीचं लक्ष दुसरीकडे जातच नाही, म्हणाल्या. ती आपणहून सांगेल तेवढं ऐकायचं. "सूज येण्याआधी काही बिनसलं तर ते फक्त तिलाच कळणार. तिने सांगायचं थांबवलं तर तुम्ही आंधळे आणि मीही आंधळी." मी विचारलं, मग मी करू काय? तर म्हणे, विचारायची फारच उबळ आली तर वहीत लिहून काढा.

म्हणून ही वही. शाळा सुटल्यापासून मी दारावरच्या पाटीवर 'आज बंद' याखेरीज काही लिहिलेलं नाही, तेव्हा माझ्या अक्षराला कोणी हसू नये. वाचणार तरी कोण म्हणा.

दुखतंय का?

लिहिलं. फारसं बरं वाटलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून चारदा प्रश्न ओठांवर आला आणि चारदा गिळला. पण बाईंना एक गोष्ट ठाऊक नाही. आमचं घर दुकानाच्या वर आहे. घरातून खाली यायचा लाकडी जिना दुकानाच्या मागच्या भिंतीआड उतरतो आणि त्याच्या पायथ्याला दार आहे. दार बंद असलं तरी जिना ऐकू येतो. पोरगी बरी असली की एका पायरीवर एक पाय, टक टक टक टक, खडाखड खाली. दुखत असलं की प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा, मग थांबा. टकटक. टकटक. आजाराच्या पहिल्या वर्षी तर जिन्यावर तिचा आवाजच नसायचा, कारण मीच तिला उचलून आणायचो.

तीन वर्षांत माझा कान इतका तयार झालाय की आवाजावरून गुडघा डावा की उजवा ते सांगेन. विचारू नका म्हणाल्या, ऐकू नका असं काही म्हणाल्या नाहीत.

हिला हे सांगितलं. ही म्हणजे फौजदाराची आई. शहरात बस चालवते, पहाटेची पाळी असते, त्यामुळे सकाळचा कारभार माझ्याकडे. ही म्हणाली, "तू सुधारणार नाहीस."

आज टक टक टक टक. छान.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज डोकं फिरलं. सविस्तर लिहितो.

शनिवारी मास्तर दाढीला येतात. शाळेतून निवृत्त झालेले, वरच्या गल्लीत राहतात. मास्तरांची एक तऱ्हा आहे. तरुणपणी कुठल्याशा गावात कोण्या आडदांड न्हाव्याने वस्तऱ्याने त्यांच्या कानाखाली कापलं. तेव्हापासून त्या जागी नुसता साबणाचा ब्रश टेकला तरी मास्तर दचकतात. इतकी वर्षं माझ्याकडे येतात, एकदाही ओरखडा उठलेला नाही, तरी दचकतातच. मी थांबतो, सावकाश म्हणतो, परत सुरू करतो. गिऱ्हाईक आहे, त्याच्या कलाने घ्यायला लागतं.

तर मास्तरांच्या अर्ध्या तोंडाला साबण लावलेला असताना फौजदार बाकावरून म्हणाली, "बाबा, डावा गुडघा दुखतोय." आपणहून! मी ब्रश टाकला, गरम पाण्याची पिशवी आणली, तिला बाकावर आडवं केलं, पायाखाली टॉवेलांची थप्पी दिली आणि हिला फोन लावला. हिने कोणाच्या तरी हातापाया पडून उरलेल्या फेऱ्या बदलून घेतल्या. मास्तरांच्या तोंडावर साबण वाळून पापडी झाली.

आणि थोड्या वेळाने आरशात बघतो तर बाक रिकामा. बाहेर गल्लीत पोरं चेंडूमागे धावताहेत आणि सगळ्यांत पुढे आमचा फौजदार.

मी कंगवा हातात घेऊन तसाच बाहेर गेलो.

"आत्ता दुखत होतं ना?"

"आत्ता नाही दुखत."

"वा! आईला कामावरून बोलावलं, मी दुकान सोडलं, आणि तू इथे शर्यत लावतेस? हे बघ, दुखत असेल तर खेळायचं नाही. आणि खेळायचं असेल तर दुखतंय म्हणायचं नाही. एक काय ते ठरव."

फौजदार चेंडूकडे बघत होती. मग आत येऊन बसली.

जरा जोरात बोललो असेन. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यात माझं काय चुकलं? खरं दुखत असतं तर धावली असती का? हातच्या काकणाला आरसा कशाला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभर एकही तक्रार नाही. जिना रोज खडाखड. शनिवारच्या बोलण्याचा उपयोग झाला म्हणायचा. कधी कधी कान उपटावा लागतो, डॉक्टरांच्या पुस्तकात हे नसतं.

माझा उजवा खांदा जरा धरलाय. थंडी पडायला लागली. दिवसभर हात वर करून उभं राहायचं, खांदा धरणारच. फौजदाराने आरशात बघून विचारलं, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

तिला हल्ली दुकान आवरायचं वेड लागलंय. वरच्या फळीवरचे सगळे धुतलेले टॉवेल तिने खालच्या फळीवर आणून ठेवले. कारण विचारलं तर म्हणे, "असंच बरं दिसतं." तिची उंची बेताची, तिच्या सोयीने मांडते. मी परत वर ठेवले. इतकी वर्षं वरच ठेवतोय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

टॉवेल परत खाली. असू दे. फौजदाराशी कोण भांडणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे गेलो होतो. ताईंचं म्हणणं, आजारपणात मांड्यांची ताकद गेली, ती भरून यायला वेळ लागेल. घरी रोज पाय उचलायचे, खुर्चीवरून उठबस करायची. फौजदार न सांगता करते. तोंडातून हूं नाही की चूं नाही. ताई म्हणाल्या, "फारच समजूतदार मुलगी आहे." मी मान डोलावली. माझी छाती जरा फुगलीच.

रात्री ही कपडे धुवायला काढत होती. फौजदाराच्या दोन्ही शाळेच्या पँटी मागच्या बाजूने झिजल्यात. आणि मोजे बघावेत तर तळ काळेकुट्ट. ही म्हणाली, "बूट घालते ना ही पोर? मग मोजे कसे मळतात? आणि पँट कशी झिजते?"

मी म्हटलं, "शाळेच्या मैदानात घसरगुंडी आहे. बूट काढून जोरात घसरत असणार. चांगलं लक्षण आहे."

"मला नाही ते बरोबर वाटत. हल्ली फार शहाण्यासारखी वागते. कशाला नाही म्हणत नाही, कशासाठी हट्ट नाही."

"शहाणी झाली तरी तुझी तक्रारच."

"मनात पाल चुकचुकते माझ्या."

मी म्हटलं, तू बस चालव, घराकडे मी बघतो. यावर ती जे बोलली ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

दुकानात गर्दी. दुपारनंतर हात खांद्याच्या वर जाईना. उंच गिऱ्हाईक आलं की खुर्ची पार तळाला नेतो, म्हणजे कोपर फार उचलावं लागत नाही. एकाने डोक्याला मालिश मागितली, त्याला म्हटलं आज तेल संपलंय. तेलाची बाटली त्याच्या नाकासमोर भरलेली उभी होती. त्याने एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

फौजदार बाकावर अभ्यास करत होती. मी सवयीने आरशातून तिच्याकडे बघितलं. पाय कसा ठेवलाय, मनगट कसं वळवतेय, एवढंच. बघतो तर ती माझ्याकडेच बघत होती. नजरानजर झाली तशी दोघांनी खाली बघितलं. काय बघत होती कोण जाणे. आपल्यावर पाळत ठेवतात हे तिच्या लक्षात आलं असेल काय?

रात्री हिने खांद्याचं विचारलं. थंडी म्हणालो. जास्त बोललो असतो तर उद्या मला दवाखान्यात बसवलं असतं, आणि डिसेंबरात दुकान बंद ठेवून कसं चालेल. आधीच पोरीची काळजी काय कमी आहे. त्यात माझी भर नको.

दुखतंय का? (हे फौजदाराला.) आज जिना खडाखडच होता. तरी लिहिलं.

६ डिसेंबर, शनिवार

मास्तर दाढीला. फौजदाराने त्यांना विचारलं, "मास्तर, तुम्ही ब्रशला घाबरता का?"

मास्तर म्हणाले, "ब्रशला नाही गं. पण त्या जागेला अजून वाटतं, वस्तराच आला."

"मग बाबा रागावत नाही?"

"तुझे बाबा? छे. ते थांबतात."

फौजदार मास्तरांच्या कानाकडे बघत राहिली. मग झाडू घेऊन केस गोळा करायला लागली. आमच्या धंद्याची म्हणच आहे, न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केसच निघतात. तिला ती फार आवडते.

९ डिसेंबर, मंगळवार

कसं लिहावं कळत नाही. झालं तसं लिहितो.

सकाळी दुकान उघडलं. गिऱ्हाईक अजून नव्हतं. जिन्याखालच्या कोपऱ्यात पुसायचं फडकं असतं, ते घ्यायला मागे गेलो. तेवढ्यात वरून टक टक टक टक सुरू झालं. आवाज चांगला होता, ठसठशीत. मी मनात म्हटलं, वा. आणि दार उघडलं.

फौजदार जिन्याच्या मध्यावर बसली होती. बसून उतरत होती, एकेक पायरी, ढुंगणावर. पायांत नुसते मोजे. बूट हातांत घातले होते, दोन्ही हातांत एकेक. आणि सरकता सरकता खालच्या पायरीवर डावा बूट, उजवा बूट आपटत होती. टक. टक.

मला बघून थांबली. एक बूट तसाच वर राहिला.

मी म्हटलं, "हे काय?"

"जिना उतरतेय."

"कधीपासून?"

तिने खांदे उडवले.

आणि मी विचारलंच. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "दुखतंय का?"

"काही नाही."

हे 'काही नाही' ती कुठून शिकली कोण जाणे. इतकं सपाट म्हणाली की पुढे बोलायला जागाच ठेवली नाही. मी दोन पायऱ्या चढून तिला उचलायला वाकलो. उजव्या हाताने जोर लागेना, मी जरासा अडखळलो. ती म्हणाली, "तू नको उचलू." फार लागलं मला ते. माझ्यावर इतका राग धरून बसली आहे पोर. मग ती तशीच सरकत खाली आली, शेवटच्या पायरीवर बसून बूट घातले, नाड्या बांधल्या आणि उभी राहिली. मी दाराशी उभा राहून बघत होतो. उभं राहताना डाव्या गुडघ्यावर हात टेकला.

शाळेत पाठवली नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला. उद्या सकाळीच या म्हणाल्या.

त्या शनिवारनंतर मी खडाखड म्हणून जे जे लिहिलं, ते सगळं ढुंगणावर उतरलेलं होतं. पँट झिजली तेव्हाही मला कळलं नाही. घसरगुंडी म्हणे! आणि खरंच रोग उठला असेल तर? बाईंनी बजावलं होतं, त्याच दिवशी या. इथे त्याच दिवशी कुठला, मला तर महिनाभर पत्ताच नाही. सांध्याची एकदा झीज झाली की भरून येत नाही, हे त्यांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलंय. मला भीती वाटते आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून बोललो, पण भीती वाटते आहे.

ही पाळी संपवून आली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं फौजदाराला ओरडेल. तिने मलाच धारेवर धरलं.

"तिला सांगायची सोय ठेवलीस का तू? दुखतंय म्हटलं तर खेळ बंद. खेळली तर खोटारडी."

"मी खोटारडी म्हटलं नाही."

"आख्ख्या गल्लीसमोर म्हटलंस. ते मास्तर नुसत्या ब्रशला दचकतात, त्यांना कधी म्हणालास, लागलं नाही तर दचकता कशाला?"

 

१० डिसेंबर, बुधवार

दुकानावर 'आज बंद' लावून गेलो. हिनेही रजा टाकली. तिघंही बाकावर ओळीने बसलो.

बाईंनी सगळे सांधे तपासले. मग यंत्र गुडघ्यावर फिरवून पडद्यावर बघितलं. किती वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आत पाणी नाही, सूज नाही. रोग झोपलेलाच आहे."

मी खुर्चीवर बसलो. उभाच होतो, हे बसल्यावर कळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते हिच्या ओढणीला पुसलं.

"मग दुखत नव्हतं तर," मी म्हणालो. सवय जात नाही माणसाची.

"दुखत होतं," बाई म्हणाल्या. "सूज नाही म्हणून दुखणं खोटं होत नाही. तीन वर्षं त्या गुडघ्याने खरा मार खाल्लाय. अजून तो जराशा कारणानेही ओरडतो. आणि धावताना पोरं दुखणं विसरतात, मग जिन्यावर आठवतं. त्यात लबाडी नाही. या वेळी आपलं नशीब. पण रोग खरंच उठला असता आणि हिने असंच लपवलं असतं, तर?"

मला मास्तरांचा कान दिसला. ब्रश मीच धरतो आणि मलाच कळलं नव्हतं.

मग बाई फौजदाराकडे वळल्या. "का नाही सांगितलंस?"

फौजदाराने आधी आईकडे बघितलं, मग छताकडे. "सांगितलं की खेळ बंद होतो. आई कामावरून येते. आणि बाबाचं तोंड असं होतं." तिने माझं तोंड करून दाखवलं. गाल पडलेले, डोळे मोठे, भुवया कपाळात. ही फस्सकन हसली. बाईंनी हसू दाबलं. मी नाही हसलो, कारण फार हुबेहूब होतं.

"आणि बाबा पण सांगत नाही," ती म्हणाली.

"काय सांगत नाही?" मी म्हटलं.

"खांदा. वरचे टॉवेल काढताना तू डोळे मिटतोस. म्हणून मी खाली ठेवले. तू परत वर ठेवलेस. त्या माणसाला तेल नाही म्हणालास. मी विचारलं तर म्हणालास, काही नाही." मग म्हणाली, "काल मला उचलताना पण दुखलं तुला. म्हणून म्हटलं, नको उचलू."

मी आरशातून तिला बघत होतो, इतके दिवस. आरशातून दोन्हीकडून दिसतं, हे न्हाव्याला सांगायला नऊ वर्षांची पोर लागली.

बाई म्हणाल्या, "मी मुलांची डॉक्टर आहे. पण हात वर करा बघू."

केला. कानापर्यंतसुद्धा गेला नाही.

"कधीपासून?"

मी खांदे उडवले. तोही एकच उडाला. फौजदार माझ्याकडे बघत होती.

इंजेक्शन पंधरा दिवसांनीच चालू राहील, बंद करायचं नंतर बघू. फौजदाराने तोंड वाकडं केलं पण भांडली नाही. मला मोठ्यांच्या हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली. परत येताना हिच्या ओळखीच्या चालकाच्या बसमधून आलो. त्याने विचारलं, कोणाला दाखवायला गेला होतात? ही म्हणाली, "दोघांना."

११ डिसेंबर, गुरुवार

फौजदाराचा नवा हुकूम निघालाय. रात्री जेवताना प्रत्येकाने आपापलं सांगायचं. कोणी विचारायचं नाही. कोणी तोंड करायचं नाही. खेळ बंद नाही, दुकान बंद नाही, कोणी कामावरून धावत यायचं नाही. आणि सकाळी आखडलं तर मात्र जेवणापर्यंत थांबायचं नाही, तिथल्या तिथे सांगायचं. हे शेवटचं मी घालून घेतलं, तिने बराच विचार करून मंजूर केलं.

सुरुवात तिनेच केली. "डावा गुडघा. जिन्यावर. दुपारी नव्हता."

मी म्हटलं, "उजवा खांदा. वर नेला की. आज चौथ्या गिऱ्हाइकापासून." बोलायला जड गेलं. 

मग आम्ही दोघं हिच्याकडे बघायला लागलो.

"माझं काय आहे?" ही म्हणाली. मग चमचा खाली ठेवून म्हणाली, "कंबर. बसची सीट मोडकी आहे. पाळी संपल्यावर उतरताना खांब धरून थोडा वेळ उभी राहते."

"कधीपासून?" फौजदार आणि मी एकदमच बोललो.

"विचारायचं नाही ठरलंय," ती म्हणाली.

घरात तीन माणसं आणि तिघांचीही झाकली मूठ. मला हसू आलं आणि रडूही आलं. तोंड मात्र केलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

मोठ्यांच्या डॉक्टरांना खांदा दाखवला. व्यायाम दिलाय, भिंतीवर बोटांनी चढत जायचं. फौजदार शेजारी उभी राहून तिचे पाय उचलते आणि माझी बोटं कुठवर चढली ते बघते. टाळाटाळ केली की ओरडते. ताईंनी फौजदाराला समजूतदार म्हटल्यावर मी मान डोलावली होती, ती परत घेतो.

गल्लीतल्या पोरांना मी आज बोलावलं आणि सांगितलं, त्या दिवशी मी चुकीचं बोललो, तिला दुखत होतं आणि ती खेळत होती, दोन्ही खरं होतं. पोरं म्हणाली, बरं. एकाने विचारलं, काका, चेंडू तुमच्या छपरावर गेलाय, काढाल का? मी काठी आणली. हात वर जाईना, म्हणून काठी त्यालाच दिली.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी थंडी होती. मास्तर खुर्चीत, तोंडाला साबण. कानाखाली ब्रश नेला, ते दचकले, मी थांबलो. "सावकाश," म्हटलं, दर शनिवारसारखं. पण आज मनापासून म्हटलं.

तेवढ्यात जिन्यावर आवाज झाला. टकटक. मग काही नाही. मग परत, टकटक. एका पायरीवर दोन पाय. गेली तीन वर्षं ज्या आवाजाची धास्ती घेतली, तोच. ब्रश हातात तसाच राहिला. दारापर्यंत जायची उबळ आली, पण गेलो नाही. खरे पाय, खरे बूट, दोन्ही पायांत. वाईट आवाज होता आणि तो ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

"डावा!" ती जिन्यातूनच ओरडली. "आखडला नाही. नुसताच दुखतोय."

"ऐकलं!" मी म्हटलं.

"तुझा?"

"उजवा. कालच्यापेक्षा बरा."

टकटक. थांबा. टकटक.

मास्तरांनी डोळे उघडून आरशात बघितलं. "कोण येतंय?"

"फौजदार," मी म्हटलं. "येतेय. वेळ लागेल."